माणच्या माळावरून अरोरा का दिसला नाही: एका फिरत्या निरोपाला उत्तर

११ मे २०२४ची रात्र. माणदेशातल्या एका उघड्या माळावर आम्ही अकराजण अरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स), बघायला सतरंज्या टाकून उत्तरेकडे तोंड करून बसलो होतो. भाऊ, वहिनी, शेजारची दोन कुटुंबं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली माझी नऊ वर्षांची भाची. फ्लास्कमध्ये चहा होता, डब्यात आदल्या दिवशीच्या अक्षय्य तृतीयेच्या उरलेल्या पुरणपोळ्या होत्या. साडेअकरापर्यंत भाचीने मला किमान सात वेळा विचारलं असेल, “आत्या, हिरवं कधी होणार?”

हिरवं होणार नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, आकाश बघायचा नाद कॉलेजपासूनचा आहे, आणि निघण्याआधी मी सगळ्यांना हे सांगितलंही होतं. पण प्रत्येकाच्या फोनवर “आज महाराष्ट्रातून अरोरा दिसणार” असा एकच निरोप चार-चार ग्रुपमधून येऊन पडला होता, आणि त्यापुढे घरच्या बाईचं ऐकतो कोण. बाराच्या सुमारास भाऊ एकदम उठला आणि फोन नाचवत म्हणाला, “हे बघ! आलं!” पडद्यावर खरंच गुलाबी पट्टा होता. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडच्या फलटणच्या दिव्यांचा उजेड धुळकट हवेत पसरला होता, आणि फोनच्या नाईट मोडने तो गुलाबी करून दाखवला होता. हे मी सांगितलं तेव्हा भाचीचं तोंड उतरलं ते आजही मला दिसतं.

तो निरोप त्या रात्रीबरोबर संपला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पुन्हा मोठं सौर वादळ आलं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ उडवली, तेव्हा नुसती तारीख बदलून तोच फिरला, आणि आता सूर्यावर जरा काही झालं की तो उगवतो. तो थोडक्यात असा:

“आज रात्री १० ते पहाटे ४ महाराष्ट्रातून नॉर्दर्न लाइट्स दिसणार! केपी इंडेक्स ९ वर पोचला आहे. अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडापर्यंत दिसले, आपल्या लडाखमध्ये दिसले, मग आपल्याकडे का नाही? १८७२ साली मुंबईचं आकाश रात्रभर उजळलं होतं. गावाबाहेर जा, मोबाईल नाईट मोडवर ठेवून उत्तरेकडे धरा, हिरवा-गुलाबी प्रकाश दिसेल. १५० वर्षांतून एकदाच येणारी संधी! मुलांना नक्की दाखवा.”

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच तो पटतो. एकेक घेते.

“आज रात्री १० ते पहाटे ४”

ग्रहणाची वेळ आधी सांगता येते. चंद्र-सूर्याच्या गती ठरलेल्या आहेत, पुढच्या शंभर वर्षांतली ग्रहणं मिनिटामिनिटापर्यंत छापून ठेवता येतात. ध्रुवीय प्रकाशाचं तसं नाही. सूर्याच्या बाह्य वातावरणातून विद्युतभारित कणांचा एक अवाढव्य ढग सुटतो, तो पृथ्वीपर्यंत यायला कधी पाऊण दिवस लागतो, कधी तीन-चार दिवस. शास्त्रज्ञ अंदाज देतात, पण त्यात काही तासांचा फरक सहज पडतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हा ढग स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येतो. त्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि सूर्याची ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असली तर तेवढाच मोठा ढग फारसं काही न करता निघून जातो. ही दिशा नेमकी कळते ती ढग आपल्यापासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल१ नावाच्या बिंदूपाशी पोचल्यावर. तिथे उपग्रह आहेत. आपलं आदित्य-एल१ही ६ जानेवारी २०२४ रोजी तिथे जाऊन बसलं. सेकंदाला ७०० किलोमीटरने येणारा ढग तिथून पृथ्वीपर्यंत साधारण ३५ मिनिटांत पोचतो. म्हणजे खात्रीची सूचना मिळाली तर ती अर्ध्या-पाऊण तासाची. सकाळच्या चहाला आलेला निरोप रात्रीची वेळ पक्की सांगत असेल, तर ती वेळ कुणीतरी मनाने घातलेली आहे.

आणि मे २०२४मध्ये नेमकं काय झालं तेही बघा. वादळ पृथ्वीवर आदळलं १० मेच्या रात्री, आपल्या घड्याळात साडेदहाच्या सुमारास. त्याचा सर्वांत मोठा तडाखा बसला ११ मेच्या सकाळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. तेव्हा महाराष्ट्रात चांगलं ऊन पडलं होतं. जगभरातले गुलाबी-जांभळे फोटो दिवसभर फोनवर येत राहिले, ते बघून कुणीतरी “आज रात्री” लिहिलं, आणि आम्ही शनिवारी रात्री माळावर गेलो तोवर मुख्य जोर ओसरला होता. चुकीच्या जागी तर गेलोच, एक रात्र उशिराही गेलो.

“केपी ९, टेक्सासला दिसले, मग आपल्याकडे का नाही?”

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, आणि यात त्यांचा दोष नाही. नकाशा बघितला तर प्रश्न अगदी रास्त वाटतो.

आधी केपी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे हे सांगणारा हा आकडा जगभरच्या निवडक चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरून दर तीन तासांनी काढतात. तो ० पासून ९ पर्यंत जातो, पुढे पायरीच नाही. वादळ ९च्या पातळीला पोचलं काय आणि त्याच्या कितीतरी पलीकडे गेलं काय, आकडा ९च राहतो. त्यामुळे “केपी ९ म्हणजे कुठूनही दिसणार” याला अर्थ नाही. वादळ विषुववृत्ताच्या दिशेने किती खाली उतरेल याचा अंदाज घ्यायला डीएसटी नावाचा दुसरा आकडा जास्त कामाचा. तो नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात मोजतात आणि वादळात तो शून्याखाली जातो, जितका खाली तितकं वादळ मोठं. मे २०२४मध्ये तो उणे ४०० च्या थोडा खाली गेला. मार्च १९८९च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवली, त्यात तो उणे ५८९ होता. हे आकडे लक्षात ठेवा, १८७२ला पुन्हा लागतील.

आता टेक्सास. माझी एक चुलत बहीण डॅलसला असते. १० मेच्या रात्री तिने घराच्या मागच्या अंगणातून काढलेले फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, आकाशभर गुलाबी झालर. भावाने लगेच शोधून काढलं की डॅलसचा अक्षांश ३२.८ अंश उत्तर आहे. लडाखमधल्या हानलेचाही ३२.८ अंश. म्हणजे दोन्ही गावं नकाशावर एकाच आडव्या रेषेवर. मग त्याने मला विचारलं, तिथे झालर आणि हानलेत क्षितिजावर नुसती लाली, असं का?

कारण अरोराला आपला भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश कळत नाही. तो पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा फिरतो, आणि पृथ्वीचा चुंबकीय अक्ष भूगोलातल्या अक्षापासून कललेला आहे. भूचुंबकीय उत्तर ध्रुव कॅनडाच्या उत्तरेकडच्या बाजूला झुकलेला, म्हणजे अमेरिकेच्या जवळ आणि आपल्यापासून दूर. या ध्रुवापासून अक्षांश मोजले तर चित्र साफ पालटतं. डॅलसचा भूचुंबकीय अक्षांश सुमारे ४१, हानलेचा सुमारे २४. एकाच रेषेवरची दोन गावं अरोराच्या हिशेबात १७ अंशांनी, म्हणजे १८०० किलोमीटरहून जास्त अंतराने दूर. फ्लोरिडातलं मायामी भूगोलात आपल्या गुजरातपेक्षा फारसं वर नाही, तरी त्याचा भूचुंबकीय अक्षांश ३५च्या आसपास येतो, हानलेपेक्षा बराच जास्त. आणि मुंबईचा? ११च्या आसपास.

नेहमीच्या दिवसांत अरोराचं कडं ६५ ते ७० भूचुंबकीय अक्षांशांवर असतं, म्हणून नॉर्वेतल्या ट्रोम्सोला तो आठवड्यातून चार वेळाही दिसू शकतो. मोठ्या वादळात हे कडं फुगून खाली सरकतं. मायामीपर्यंत पोचलं म्हणजे ३५ पर्यंत दिसलं. तिथून ११ पर्यंत यायला त्याला अजून केवढा पल्ला आहे ते बघा. “अमेरिकेत इतक्या दक्षिणेला दिसलं” या वाक्यातून महाराष्ट्राबद्दल काहीच निष्पन्न होत नाही. चुंबकीय हिशेबात आशिया अमेरिकेच्या तुलनेत पार खालच्या पायरीवर बसला आहे.

“लडाखमध्ये दिसले”

दिसले, आणि ही गोष्ट मला मनापासून आनंदाची वाटते. हानलेला बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर. तिथला सबंध आकाश टिपणारा कॅमेरा रात्रभर चालू असतो. एप्रिल २०२३मध्ये त्याने उत्तर क्षितिजावरची लाली टिपली, नोव्हेंबर २०२३मध्ये पुन्हा, आणि १० मेच्या रात्री मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत ती ठळक दिसली. ऑक्टोबर २०२४मध्येही.

पण ती कशी दिसली हे निरोपात कधी नसतं. ती डोक्यावर नव्हती, क्षितिजालगत होती. आणि लालच होती. मे महिन्यात तिथल्या शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन स्थिर लाल कमान असं केलं. वादळात पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचं एक वलय तयार होतं, त्यातली उष्णता वरच्या थरांत झिरपते, आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन तांबडा झळाळतो. नॉर्वेच्या नाचणाऱ्या हिरव्या पडद्यांची ही दूरची, शांत बहीण.

आता थोडी भूमिती. मुलांना मी ही फळ्यावर करून दाखवते. ४०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश पृथ्वीच्या गोलाईमुळे जास्तीत जास्त सुमारे २२०० किलोमीटरवरून दिसू शकतो, तोही क्षितिजाला अगदी टेकलेला. हिरवा प्रकाश १०० ते १५० किलोमीटरवर तयार होतो. १०० किलोमीटरवरचा दिसेल फार तर ११०० किलोमीटरवरून. माणचा माळ हानलेपासून १६०० किलोमीटरहून लांब. म्हणजे लाल कमान समजा थेट हानलेच्या डोक्यावर आली असती, तरी आम्हाला ती क्षितिजापासून जेमतेम पाच अंशांवर दिसली असती. हात लांब करून मूठ धरली की ती दहा अंश झाकते, त्याची निम्मी. मे महिन्यातल्या धुळीत आणि वळवाच्या ढगांत तेवढ्या उंचीवरचा ठळक तारासुद्धा सापडत नाही. आणि प्रत्यक्षात कमान हानलेच्या डोक्यावर नव्हतीच, तिथूनच उत्तरेला खाली होती. आमच्यासाठी ती जमिनीखाली होती.

लेहच्या सहलींच्या जाहिरातींत आता “अरोरा बघा” असं लिहिलेलं दिसतं. जाणार असाल तर जरूर जा, पण अरोरासाठी म्हणून नको. तो वर्षातून एखाद-दोन रात्री, तेही मुख्यतः कॅमेऱ्याला दिसेल अशी जागा आहे ती. आकाशगंगेसाठी जा. हानले २०२२पासून राखीव काळोखाचं क्षेत्र आहे. गावात रात्री पांढरा दिवा लावायचा नाही, गाड्यांचे प्रखर दिवे नकोत, असे नियम तिथले लोक स्वतः पाळतात. परवाना काढावा लागतो, आणि आधी दोन-तीन दिवस लेहला थांबून शरीराला विरळ हवेची सवय लावावी लागते. घाईने वर गेलेल्यांना रात्री तारे नाही, डोकेदुखीच दिसते.

“मोबाईल नाईट मोडवर धरा, हिरवा-गुलाबी दिसेल”

हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते नेहमीच “खरं” ठरतं. नाईट मोड तीन ते दहा सेकंद प्रकाश गोळा करतो, मग त्यावर रंग चढवतो. गावाबाहेरचं कुठलंही आकाश त्यात काही ना काही रंगाचं निघतंच. शहराचा उजेड, साखर कारखान्याच्या धुराड्यावरचा प्रकाश, पलीकडच्या डोंगराला लागलेला वणवा, टोलनाक्याचे दिवे, सगळ्यांची लाली किंवा गुलाबी होते. आमच्याकडे मे महिन्यात वणव्याची लाली इतकी सामान्य आहे की एखाद्या रात्री डोंगर पेटलेला नसेल तरच नवल. हिरवा रंग निघाला तर तो बहुधा कॅमेऱ्याचा खरखराट असतो, किंवा वातावरणाची स्वतःची अतिमंद दीप्ती. ती प्रत्येक रात्री, प्रत्येक गावावर असते, वादळाशी तिचा संबंध नाही.

आणि भूमिती आठवा. इतक्या दक्षिणेतून काही दिसलंच तर ते लालच असणार. हिरवा भाग खाली तयार होतो, तो गोलाईआड आधी बुडतो. महाराष्ट्रातून हिरवा अरोरा टिपल्याचा फोटो आला तर तो दुसरीकडचा आहे, किंवा बनवलेला.

फोटो तपासायची एक सोपी युक्ती सांगते, घरी सगळ्यांना शिकवा. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो, तोच त्या जागेचा अक्षांश. महाराष्ट्रात तो १६ ते २२ अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींइतका वर. ट्रोम्सोत तो जवळजवळ ७० अंशांवर, मान मागे टाकून बघावा लागतो. “लोणावळ्याचा अरोरा” म्हणून आलेल्या चित्रात सप्तर्षी आणि ध्रुवतारा शोधा. ध्रुव उंच चढलेला असेल तर लोणावळा नाही. तारेच ओळखू येत नसतील, नक्षत्र कुठलंच जुळत नसेल, तर ते संगणकाने रचलेलं आहे.

डोळ्यांची बाजूही बिचारी आहे. अंधारात आपण ज्या पेशींनी बघतो त्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मंद लाल कमान कॅमेऱ्यात रसरशीत येते आणि शेजारी उभ्या माणसाला तिथे एक राखाडी धूसरपणा जाणवतो, कधी तोही नाही. मुलीला रात्री बारा वाजता माळावर नेऊन फोनचा पडदा दाखवायचा असेल, तर तो घरीही दाखवता येतो.

“१८७२ साली मुंबईचं आकाश रात्रभर उजळलं होतं”

हा मुद्दा मी नाकारणार नाही, कारण यात खरं काहीतरी आहे आणि ते आपल्याच दाराशी घडलं आहे. निरोपाने फक्त त्याचा अर्थ उलटा लावला.

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री चीनपासून इजिप्त-सुदानपर्यंत लोकांनी आकाश लाल झालेलं पाहिलं. मुंबईच्या वर्तमानपत्रात दोन दिवसांनी बातमी आली: सूर्यास्तानंतर प्रकाश किंचित दिसू लागला, रंग सतत बदलत होता, पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत तीव्र आणि गडद जांभळा होता, आणि सोमवारच्या सूर्योदयापर्यंत दिसत राहिला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलवरही त्या रात्री परिणाम झाला. आता त्या शहराची कल्पना करा. रस्त्यावर गॅसच्या बत्त्या, विजेचा एकही दिवा नाही, फेब्रुवारीची कोरडी हवा. तरीही सुरुवातीचा शब्द “किंचित”. प्रकाश रात्रभर दिसला हे खरं, पण आकाश “उजळलं” हे नंतर चढवलेलं पाणी आहे.

आणि ते वादळ केवढं होतं? हे आपल्याला कळतं ते मुंबईमुळेच. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी चालू होती. २०२३मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्यासह जगभरच्या त्या वेळच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि डीएसटीचा अंदाज काढला, उणे ८३४ किंवा त्याहूनही खाली. मे २०२४चा आकडा उणे ४००च्या आसपास. म्हणजे मुंबईला दिसायला २०२४च्या दुपटीहून मोठं वादळ लागलं होतं. निरोप १८७२चा दाखला “आज दिसेल” म्हणून देतो. तोच दाखला सांगतो की आज का दिसणार नाही.

कुलाब्याची गोष्ट इथेच सोडवत नाही. २ सप्टेंबर १८५९चं जे वादळ कॅरिंग्टनच्या नावाने ओळखतात, त्यात युरोपातल्या बऱ्याच उपकरणांचे काटे पट्टीबाहेर गेले. कुलाब्याला टांगलेल्या चुंबकाकडे डोळ्याने बघून माणसं दर तासाला आकडा लिहीत, गडबड सुरू झाली की दर काही मिनिटांनी. त्या दिवशी दुपारच्या आधी चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला, आणि ते कुणीतरी शाईने, ओळीमागून ओळ, वहीत उतरवलं. जवळपास दीडशे वर्षांनी, २००३मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोंझालेस यांच्याबरोबर या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज जगात कुठेही सर्वांत मोठ्या सौर वादळाबद्दल बोलतात तेव्हा ते कुलाब्याच्या त्या वहीपाशी येऊनच बोलतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. ट्रामच्या प्रवाहाने चुंबकाचे आकडे बिघडले असते, म्हणून वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी १९०४मध्ये ही मोजणी खाडीपलीकडे अलिबागला नेली. जुनी आणि नवी जागा जुळवून घ्यायला दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी चालवली, साखळी तुटू दिली नाही. मी शाळेच्या मुलांना एकदा अलिबागला घेऊन गेले होते. वेधशाळेच्या भिंती पोरबंदरी दगडाच्या, बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा टाळलेला. एका मुलाने पट्ट्याचं बक्कल काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “बाई, माझ्या बक्कलने पण पृथ्वीला फरक पडतो?” पृथ्वीला नाही रे, म्हटलं, तिचं ऐकायला बसलेल्या सुईला पडतो.

“मुंबईतून अरोरा” हे शब्द कुणी पुढे पाठवत असेल तर ही गोष्ट त्याच्यासोबत जायला हवी.

“१५० वर्षांतून एकदाच”

हे खोटं. सूर्याचं चक्र सुमारे ११ वर्षांचं असतं आणि प्रत्येक चक्रात मोठी वादळं येतात. १९८९ला आलं, ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ला आलं, २०२४मध्ये मे आणि ऑक्टोबर असं दोनदा आलं. १८७२एवढं पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि आलं तर माळावर सतरंजी टाकण्याआधी वीजपुरवठा आणि उपग्रहांची काळजी करावी लागेल.

“मुलांना नक्की दाखवा”

इथे मी निरोपाशी पूर्ण सहमत आहे. म्हणूनच त्या आठवड्यात आपल्याकडून खरोखर काय दिसत होतं ते कुणी पाठवलं नाही याचं मला वाईट वाटलं.

ते वादळ सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून निघालं होतं. तो पृथ्वीच्या सुमारे १५ पट रुंद होता, इतका की दुर्बिणीशिवाय, नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातून दिसत होता. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी भाचीला गच्चीवर नेलं. २५ ऑक्टोबर २०२२च्या ग्रहणासाठी आणलेला चष्मा कपाटात होता. आधी तो दिव्यासमोर धरून एकही ओरखडा किंवा छिद्र नाही ना ते बघितलं. ओरखडा असता तर फेकूनच दिला असता, यात तडजोड नाही. तिने चष्मा दोन्ही हातांनी डोळ्यांवर दाबून धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आत्या, नारिंगी बिस्किटावर तीळ चिकटलाय.” उजवीकडे सरकलेला, पण अगदी स्पष्ट. त्या तिळातून निघालेले ढग तेव्हा वाटेत होते. पुण्यातून, बीडमधून, रत्नागिरीतून, जिथे ऊन होतं तिथून प्रत्येकाला तो दिसला असता. त्यासाठी रात्र जागायची नव्हती, गाडी काढायची नव्हती.

माळावरून आम्ही रात्री दीडला परतलो, मुलं गाडीत झोपली. रविवारी सकाळी भाची रुसलेलीच होती. मी क्योटो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा त्या वादळाचा डीएसटी आलेख उघडून तिच्यासमोर ठेवला. बारीक रेघ सरळ चालत येते, शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास जरा उसळते, मग दरीत पडल्यासारखी खाली खाली जाते. तिथल्या वेळा आपल्या घड्याळात कशा करायच्या ते तिला दाखवलं. साडेपाच तास मिळवत, बोटाने रेघ गिरवत ती पुढे सरकली.

“इथे आपण काय करत होतो?” तिने उसळीवर बोट ठेवलं.

“आमरसाची भांडी घासत होतो. तू झोपली होतीस.”

बोट घसरत दरीच्या तळाशी आलं. शनिवार, सकाळी आठ. “आणि इथे?”

“पोहे खात होतो. तू शेंगदाणे वेचून बाजूला काढत होतीस.”

तिने खिडकीबाहेर आकाशाकडे बघितलं, मग परत रेघेकडे, आणि मला तो आलेख वहीत काढून द्यायला सांगितला.